ज्याचे चित्र त्याला दाखवावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 भाषण करण्याइतका माझा अधिकार नाही, हे मी प्रथमच सांगून टाकते. पण यंदा आपल्या तरुण सभासदांनी एक नवा संकल्प सोडला आहे. जिंतूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत जाऊन तेथल्या आंध भगिनींची गाणी, त्यांचे सण आणि त्यांची रोजची कामे यांचा एक लहानसा चित्रपट तयार करायचा आणि तो आपल्या कार्यक्रमात दाखवायचा, असा तो संकल्प. "मावशी, तुम्ही त्या भागात शिक्षिका होतात, कसे करावे ते सांगा," असे या मुली मला म्हणाल्या. चित्रीकरणातले मला काही कळत नाही. पण रानातल्या माणसांची चित्रे घेणाऱ्यांविषयी मी थोडेबहुत वाचले आहे, आणि त्याच बाबतीत माझ्या हातून एक चूकही झालेली आहे. तेव्हा आज त्याविषयीच बोलते.

आपल्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांना आठवत असेल. पूर्वी टॉकीजमध्ये मूळ चित्रपट सुरू होण्याआधी सरकारी अनुबोधपट दाखवीत असत. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली मुंबईत झाली, आणि तेथे तयार झालेले हे पट दाखवणे प्रत्येक चित्रगृहाला बंधनकारक होते. धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना हे त्यांचे नेहमीचे विषय. अधूनमधून त्यांत आदिवासींवरचाही पट असे. 'अवर ओरिजिनल इनहॅबिटंट्स', म्हणजे आपले मूळ रहिवासी, या नावाचा पट १९५३ सालचा आहे. तेवढा वेळ पुरुष मंडळी बाहेर चहा पीत उभी राहत आणि आम्ही मुले आत बसून शेंगा खात असू.

अशाच एका खेळाला मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. पडद्यावर रानातली माणसे नाचत होती. डोक्याला पिसे, गळ्यात मण्यांच्या माळा. बायकांच्या अंगावर कपडा थोडा. सारे चित्रगृह खुदखुदून हसले. मीही हसले. त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आले नाही की, ही हसण्यासारखी ठरलेली माणसे आपल्या परभणीपासून फार दूरची नाहीत. त्यांच्यापैकी कोणी आज आपल्या रांगेत बसलेले असते तर?

पुढे या पटांविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या चित्रांत रानातली माणसे दिसत होती, पण बोलत नव्हती. बोलत होता तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात बसलेला निवेदक. यात सगळा दोष माणसांचाच होता असे नाही, यंत्राचाही होता. त्या काळी बाहेर नेण्याजोगा हलका कॅमेरा होता, पण चित्राबरोबर जागच्या जागी आवाज टिपून घेणारे हलके यंत्र १९६० च्या सुमारापर्यंत सहज मिळत नसे. म्हणून चित्र मुके घ्यायचे, आणि निवेदन व संगीत मागून चढवायचे, अशी रीत होती. चावीच्या कॅमेऱ्यात शंभर फुटांची फिल्म बसे, आणि ती मिनिटाच्या थोडी वर चालून संपे. फिल्म महाग, तेव्हा जे नजरेत भरेल तेच टिपायचे. नजरेत काय भरते? नाच, शिकार, लग्न, अंगात येणे. जोंधळा निवडणे, तापलेल्या लेकराच्या उशाशी बसणे, सावकाराच्या दारात ताटकळणे, यांवर फिल्म कोण खर्च करणार?

आणखी एक अडचण उजेडाची होती. त्या फिल्मला भरपूर ऊन लागे. झाडीच्या सावलीत चित्र काळे येई, मग रात्रीच्या शेकोटीजवळचे तर विचारायलाच नको. त्यामुळे रात्री नाचायचा नाच भर दुपारी मोकळ्या माळावर नाचायला लावणे ओघानेच आले. आपल्याकडे कोणी येऊन म्हणाले की, "बाई, तुमची कोजागरी जरा दुपारी बाराला करून दाखवा," तर आपण काय म्हणू?

ही खोड आपल्याच देशातली आहे असेही नाही. जगातल्या पहिल्या गाजलेल्या अनुबोधपटांपैकी एक म्हणजे अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा १९२२ सालचा 'नानूक'. उत्तर कॅनडातल्या बर्फात राहणाऱ्या एका शिकाऱ्याची ती कथा. त्यातले बर्फाचे घर अर्धेच बांधले होते, कारण पुऱ्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना. त्या शिकाऱ्याचे खरे नाव नानूक नव्हतेच, ते अल्लाकारियाल्लाक असे होते. पटात दुसरे नाव दिले, आणि जगाने त्याला त्याच नावाने ओळखले. मात्र फ्लॅहर्टी यांनी एक गोष्ट चांगली केली. घेतलेले चित्र ते तिथल्या तिथे धुऊन त्या लोकांना दाखवीत. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या शेजारची हकिगत ऐका. आपल्या गडचिरोलीला लागून बस्तरचा मुलूख आहे. तेथल्या नारायणपूरजवळच्या गढबेंगाल गावी मुरिया गोंडांचा एक मुलगा होता, चेंदरू त्याचे नाव. स्वीडनचे चित्रपटकार आर्ने सुक्सडॉर्फ पन्नाशीच्या दशकात तेथे आले. स्टॉकहोम शहरावरच्या त्यांच्या लघुपटाला त्यापूर्वी ऑस्कर पारितोषिक मिळालेले होते. त्यांनी बस्तरच्या रानात मुक्काम ठोकून एक मोठा रंगीत पट तयार केला. बिबट्याच्या संकटात सापडलेले एक मुरिया गाव हा त्याचा विषय. वाघाबरोबर खेळणारा चेंदरू त्यात होता, आणि संगीत पंडित रविशंकर यांचे होते. १९५७ साली तो स्वीडनमध्ये निघाला, इंग्रजीत त्याला 'द फ्लूट अँड द ॲरो' असे नाव मिळाले, आणि पुढच्या वर्षी तो फ्रान्समधल्या कान महोत्सवातही गेला. सुक्सडॉर्फ यांच्या पत्नी ॲस्ट्रिड यांनी चेंदरू आणि वाघ यांच्यावर छायाचित्रांचे पुस्तक काढले. ते अनेक देशांतल्या मुलांनी आवडीने पाहिले.

चेंदरूला काही काळ स्वीडनलाही नेले होते. मग तो परत आला. आपल्या गावी, आपल्या झोपडीत. पुढची पन्नासाहून अधिक वर्षे त्याने गरिबीत काढली. उतारवयात पत्रकार येत, फोटो काढून घेत आणि जात. २०१३ साली तो वारला. आज रायपूरजवळच्या जंगल सफारीत त्याचा वाघासह पुतळा उभा आहे.

भगिनींनो, सुक्सडॉर्फ दुष्ट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या पटात रानाविषयीचे प्रेम ओतप्रोत आहे, असे जाणकार सांगतात. माझ्या मनात प्रश्न येतो तो एवढाच. त्या पटाचे निवेदन स्वीडिश भाषेत होते. चेंदरूच्या आईला त्यातले किती कळले असते? आपल्या लेकाविषयी परक्या मुलखात काय सांगितले जात आहे, हे त्या माउलीला कोणी गोंडीतून समजावून सांगायला हवे होते की नाही?

आता आपल्या अगदी जवळचे उदाहरण सांगते. आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते. त्याच राज्यात, किनवटच्या पलीकडे, आदिलाबादचे गोंड राहतात. किनवटसुद्धा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९४० साली तेथे कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला आणि जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. त्यानंतर गोंडांचे दुखणे काय आहे हे पाहण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी बेटी होती. ही दोघे मार्लवाई नावाच्या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिली.

हाइमेनडॉर्फ यांनीही कॅमेरा वापरला, आणि पुष्कळ वापरला. भारतात आणि नेपाळात त्यांनी घेतलेली फिल्म शंभर तासांहून अधिक भरते, आणि छायाचित्रे तर हजारोंनी आहेत. ती लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. पण मार्लवाईचे लोक त्यांना कॅमेऱ्यासाठी आठवत नाहीत. १९४३ साली मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. त्या मुलखात ज्यांना अक्षरओळख होती त्यांना ती थोड्याफार मराठीची होती, म्हणून गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके आपल्या देवनागरी लिपीत तयार केली. हातून गेलेल्या जमिनींचे पट्टे गोंडांच्या नावावर करण्याचे कामही त्या काळात झाले. बेटीबाई १९८७ साली हैदराबादला वारल्या, त्यांना मार्लवाईत पुरले आहे. हाइमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला वारले, त्यांच्या अस्थीही पुढे तेथेच आणल्या. गावकरी त्यांची पुण्यतिथी पाळतात.

त्या दोघांचेही सगळेच बरोबर होते, असे कोणी म्हणणार नाही. सरकारने नेमलेला माणूस शेवटी सरकारचाच असतो. पण ज्यांची चित्रे घेतली त्यांच्या पदरात त्यांनी काही टाकले, आणि ते पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेले. लोक लक्षात ठेवतात ते हेच.

आता फ्लॅहर्टी यांची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करते. झाँ रूश नावाचे एक फ्रेंच चित्रपटकार होते. आफ्रिकेत नायजर नदीच्या काठी सोरको नावाचे कोळी लोक राहतात. ते तेव्हा पाणघोड्याची शिकार करीत. त्या शिकारीचा पट रूश यांनी १९५१ च्या सुमारास घेतला, आणि काही वर्षांनी ते यंत्र घेऊन पुन्हा त्या गावी गेले. भिंतीला पांढरी चादर लावली आणि रात्री पट दाखवला. लोकांनी चित्रपट कधी पाहिलेला नव्हता. पण क्षणभरातच त्यांना उमगले. पडद्यावर त्यांना आपलीच माणसे दिसू लागली. त्यांतली काही मधल्या काळात वारली होती. त्यांना पाहून लोक रडू लागले.

मग रडे आवरल्यावर त्या कोळ्यांनी तक्रार काढली. "शिकारीच्या वेळी हे वाजते काय आहे?" रूश यांनी शिकारीला रंग चढावा म्हणून मागून तंतुवाद्याचे संगीत घातले होते. वाजणारे गाणेही तिथलेच, शिकाऱ्यांचेच होते. पण ते लोक म्हणाले, "शिकार चुपचाप करायची असते. असे वाजवले तर पाणघोडा पळून जाईल." रूश यांनी ते ऐकले आणि संगीत काढून टाकले. पुढे जन्मभर ते म्हणत राहिले की, ज्यांचा पट घ्यायचा ते आपले पहिले प्रेक्षक.

पाहा, फ्रान्समधल्या विद्वानांना जी चूक दिसली नाही ती त्या कोळ्यांना एका रात्रीत दिसली. शहाणपण कोणाकडे होते?

आपल्या महाराष्ट्रातही या रीतीचे एक सुंदर काम झालेले आहे, आणि ते बायकांच्या शब्दांचेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही ओव्या त्यांत आहेत. मला त्यांतले मोठेपण वाटते ते असे की, ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, ते तेथे नोंदलेले आहे. 'एक खेडवळ स्त्री' असे लिहून त्यांनी काम भागवले नाही.

आता माझी चूक सांगते. इतकी वर्षे ती मी कोणाला सांगितली नाही. आज आपल्या घरच्या माणसांत सांगते.

१९८६ साली मी जिंतूरकडच्या एका खेड्यात शिक्षिका होते. गावात आंधांची बरीच घरे होती. माझ्या भाच्याने मला सुट्टीपुरता कॅमेरा दिला होता. शाळेच्या वाटेवर एक म्हातारी रोज सकाळी सुपाने धान्य पाखडीत बसे. तिचे ते सूप, उडणारा भुसा, त्यावर पडलेले कोवळे ऊन मला फार आवडले. मी तिचे चित्र घेतले. आजी लाजल्या, हसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाई, म्या कशी दिसते ते मला बी दावा की." मी म्हटले, "आजी, शहरातून धुऊन आला की आणून देते."

रीळ धुऊन आले. चित्र खरोखरच छान आले होते. त्याच सुमारास शहरात छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरणार होते. मी ते चित्र मोठे करून तेथे दिले. त्याला बक्षीस मिळाले, टाळ्या मिळाल्या. चित्राखाली मी नाव लिहिले होते, 'आदिवासी स्त्री'. आजींचे नाव मला ठाऊक होते. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता. तरी मी ते लिहिले नाही. मग माझी बदली झाली, आणि आजींना फोटो द्यायचा तो राहूनच गेला.

दोन वर्षांनी एके दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पत्ता विचारीत विचारीत एसटीने आली होती. म्हणाली, "बाई, माय गेली मही. तिचा एक बी फोटू न्हाई आमच्यापाशी. तुम्ही काढला व्हता म्हनं. असला तर द्या, म्हून आले."

मी सारे घर धुंडाळले. मोठे केलेले चित्र प्रदर्शनवाल्यांकडेच राहिले होते, ते कुठे गेले याचा पत्ता लागेना. निगेटिव्ह घर बदलताना कचऱ्यात गेले होते. मी तिला चहा दिला, भाड्याचे पैसे देऊ लागले. तिने पैसे घेतले नाहीत. "ऱ्हाऊ द्या बाई," एवढेच म्हणाली आणि गेली.

त्या लेकीच्या जिवाला काय वाटले असेल! तिच्या आईचे जगात एकच चित्र निघाले. ते शेकडो परक्या लोकांनी पाहिले, आणि पोटच्या मुलीला मात्र पाहायला मिळाले नाही. आईला स्वतःलाही नाही. लहानपणी पडद्यावरच्या माणसांना हसले, ते अजाणतेपणी. हे मात्र मी जाणत्या वयात, शिक्षिका असताना केले.

म्हणून माझ्या मुलींनो, तुमचा संकल्प मोडा असे मी म्हणत नाही. अवश्य जा. बाहेरच्या पुरुषांच्या कॅमेऱ्यापुढे ज्या बायका उघडून बोलल्या नसत्या, त्या तुमच्याशी बोलतील. तुमच्या हातातला मोबाईल चित्र घेतो आणि आवाजही घेतो, तेव्हा निवेदकाची गरज नाही. त्यांचे त्यांनाच बोलू द्या. आंध समाज मराठीच बोलतो, मग मध्ये दुसऱ्या कोणाचा आवाज हवा कशाला? पण काही पथ्ये पाळा.

पहिल्या खेपेला मोबाईल पिशवीतच असू द्या. आधी बसा, बोला, त्यांच्या हातचा चहा घ्या, आणि कशासाठी आलो ते स्पष्ट सांगा. कोणी नको म्हटले तर ते नको खरे माना. जे गाणे ज्या वेळी म्हणायचे असेल त्याच वेळी टिपा. आपल्या सोयीसाठी रात्रीचा सण दुपारी करायला लावू नका, आणि पेटीत ठेवलेले जुने दागिने अंगावर घालायला लावू नका. त्या आज जशा साडीत, जशा घरात राहतात तशाच दिसू द्या. कोणाला आपले नाव यावे असे वाटत असेल तर पुरे नाव आणि गाव लिहा. नको असेल तर तेही विचारून गाळा.

आणि मुख्य गोष्ट ही की, तयार झालेला पट आपल्या सभागृहाच्या आधी त्यांच्या गावात दाखवा. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावा. त्या म्हणाल्या की हे काढा, तर काढा. मग प्रत्येकीच्या हातात तिचा एक छापील फोटो द्या, भिंतीवर लावता येईल असा.

कार्यवाहबाई मला काल म्हणाल्या की, एवढे सगळे करायचे तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पट तयार होणार नाही. न झाला तर न होवो. पुढच्या वर्षी दाखवू. आपले मंडळ इतकी वर्षे टिकले आहे, ते एका वर्षाने काही मोडत नाही.

शेवटी एक विनंती. त्या लेकीचे सासर कुठे आहे ते मला माहीत आहे. फोटो तर आता मी देऊ शकत नाही. पण त्या वेळी, दारात ती उभी असताना, माझी चूक झाली हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, ते मला तिला सांगायचे आहेत. तुमची गाडी तिकडे जाईल तेव्हा एक जागा माझ्यासाठी राखून ठेवा.